घराची खुशाली आता ई-मेलने

सोलापूर शहरातून अक्कलकोट रस्त्याने निघाले की आधी औद्योगिक वसाहत लागते आणि थोडे पुढे गेले की कुंभारी येते. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव आज कामगारांच्या घरांसाठी देशभर ओळखले जाते. विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत येथेच उभी राहिली. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांचे वाटप झाले. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर योजना आली. तिची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ रोजी झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंधरा हजार घरे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांना देण्यात आली. या दोन्ही कामांमागे माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरकरांचे आडम मास्तर, यांची अनेक वर्षांची खटपट आहे.

या घरांचे एक वैशिष्ट्य आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. कारागिराचे घर हे नुसते घर नसते. तेच त्याचे दुकान, तेच गोदाम आणि तेच कारखाना. एका कोपऱ्यात शिलाई मशीन, त्याच्याखाली कातरणाचा ढीग. दुसऱ्या कोपऱ्यात तेंदूपत्ता आणि तंबाखूचे सूप. पलंगाखाली गिऱ्हाइकाचा तयार माल. घरातला कर्ता पुरुष यंत्रमागावर, रिक्षावर किंवा शहरातल्या दुकानात. घराला कुलूप असते, नाहीतर घरी म्हातारी माणसे आणि लेकरे. अशा माणसाला दिवसभर एकच विचार छळतो, घरी सगळे ठीक असेल ना?

या प्रश्नाचे उत्तर देणारी छोटी यंत्रे आता बाजारात सहज मिळतात. इंग्रजीत त्यांना होम ऑटोमेशन म्हणतात. ही श्रीमंतांच्या बंगल्यातली चैन आहे असे पुष्कळांना वाटते आणि जाहिरातीही तशाच असतात. आवाज दिला की पंखा फिरतो, टाळी वाजवली की दिवा लागतो. ते कौतुक आम्ही बाजूला ठेवतो. आम्हाला त्यातला एकच भाग उपयोगी वाटतो. घरात काही बिघडले तर यंत्राने आपणहून मालकाला ई-मेल पाठवावे. हे कसे जमवायचे, त्यावर किती भरवसा ठेवायचा आणि कुठे ठेवायचा नाही, हे या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

तार आणि पोस्टकार्ड

आपल्या वडिलांच्या काळी घरी दोन प्रकारचे निरोप येत. एक पोस्टकार्ड. त्यात खुशाली असे, हिशेब असे, पैसे मिळाल्याची पोच असे. दुसरी तार. तारवाला दारात आला की घरातल्या बायांच्या काळजात धस्स होई. जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातली तारसेवा बंद झाली, पण हा भेद आजही खरा आहे.

ई-मेल हे पोस्टकार्ड आहे, तार नव्हे. कामाच्या धबडग्यात कोणी मिनिटामिनिटाला ई-मेल उघडून पाहत नाही. रात्री झोपेत तर नाहीच. म्हणून ज्या गोष्टीला तास-दोन तासांचा उशीर चालतो, तिच्यासाठी ई-मेल उत्तम. ज्या गोष्टीला दोन मिनिटांचाही उशीर चालत नाही, तिच्यासाठी भोंगाच हवा. हा फरक न समजता पुष्कळ लोक पैसे घालवतात. यंत्र बसवले, ई-मेल आले, आता आपण सुरक्षित झालो, असे त्यांना वाटते. तसे नाही.

मग ई-मेलचा फायदा काय? फायदा असा की ते टिकते. त्यावर तारीख असते, वेळ असते, आणि सहा महिन्यांनीही ते शोधून काढता येते. लाइट किती वाजता गेली, किती वाजता आली, मटणाच्या दुकानातला फ्रीजर रात्री किती तास गरम राहिला, गोदामाचे दार कोणत्या वेळी उघडले, टाकीत पाणी कोणत्या दिवशी चढले, या सर्वांची आपोआप रोजवही तयार होते. महावितरणकडे तक्रार करायची असेल, फ्रीजरच्या मेस्त्रीला दोष दाखवायचा असेल, तर तोंडी सांगण्यापेक्षा तारीखवार यादी दाखवणे केव्हाही वजनदार. पवित्र कुरआनात सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार ठेवण्याची ताकीद आहे. ती आयत कर्जाविषयी आहे हे खरे, पण व्यवहारात स्मरणशक्तीपेक्षा लेखणीवर विसंबावे, ही तिची शिकवण व्यापाऱ्याला सगळीकडेच उपयोगी पडते.

कोणत्या गोष्टीची चिठ्ठी यावी?

सोलापूर परिसरात पाणी ही मोठी विवंचना आहे. नळाला रोज पाणी येत नाही. टाकीत तरंगणारा एक साधा स्विच बसवला आणि तो यंत्राला जोडला, की टाकी भरली किंवा रिकामी झाली याची वर्दी मिळते. फ्रीजरसाठी तारेच्या टोकाला बसवलेला, ओल सोसणारा छोटा तापमापक मिळतो. दारासाठी चुंबकाचा स्विच असतो. एक तुकडा चौकटीवर, दुसरा दारावर. दार उघडले की दोन्ही दूर होतात आणि यंत्राला कळते. या तिन्ही वस्तू स्वस्त आहेत आणि कोणताही हुशार इलेक्ट्रिशियन त्या बसवू शकतो.

हे सगळे चालवणारा मेंदू म्हणजे ईएसपी ३२ नावाची आगपेटीएवढी पाटी. ती शांघायची एस्प्रेसिफ कंपनी बनवते, आणि ती वायफायवर चालते. एकच पाटी असेल तर ती स्वतःही ई-मेल पाठवू शकते. चार-पाच ठिकाणी यंत्रे असतील तर होम असिस्टंट हा मोफत मिळणारा प्रोग्राम एखाद्या जुन्या संगणकावर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालवावा. तो २०१३ साली सुरू झाला. आपली माहिती दुसऱ्या कोणाच्या कपाटात न जाता आपल्याच घरात राहते, हा त्याचा गुण. बाजारातली तयार वायफाय यंत्रे सोपी खरी, पण ती पुष्कळदा फक्त कंपनीच्याच अॅपवर वर्दी देतात. कंपनीने सेवा बंद केली की यंत्र मुके होते.

ई-मेलची जोडणी

यंत्रणा कोणतीही घ्या, ई-मेल पाठवण्यासाठी ती साधारण सातच गोष्टी विचारते. टपाल नेणाऱ्या संगणकाचा पत्ता, त्याचा दरवाजा म्हणजे पोर्ट, कुलूपबंदीची पद्धत, पाठवणाऱ्याचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि घेणाऱ्याचा पत्ता. यातली एक जरी चुकली तरी चिठ्ठी जात नाही. म्हणून आम्ही क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट. घरासाठी वेगळे ई-मेल खाते उघडा. आपले रोजचे खाते यंत्राला देऊ नका. त्या खात्यात बँकेची पत्रे येतात, जीएसटीची येतात. यंत्र कोणाच्या हाती लागले तर सगळेच उघडे पडेल. घराचे खाते वेगळे असले की ते फक्त पत्र पाठवण्याच्या कामाचे.

दुसरी गोष्ट, आणि येथेच बहुतेक जण अडतात. पूर्वी जीमेलचा नेहमीचा पासवर्ड यंत्राला दिला की काम होई. ३० मे २०२२ पासून गूगलने ही सोय बंद केली. आता आधी खात्याला दुहेरी पडताळणी लावावी लागते. ती लावल्यावर अॅप पासवर्ड नावाचा सोळा अक्षरांचा स्वतंत्र पासवर्ड तयार करता येतो. तोच यंत्राला द्यायचा. याचा मोठा फायदा असा की यंत्र चोरीला गेले तर तेवढाच पासवर्ड रद्द करता येतो, खाते बदलावे लागत नाही. जुनी पुस्तके किंवा जुने व्हिडिओ पाहून काम करणाऱ्या मेस्त्रीला हे ठाऊक नसते आणि तो दिवसभर डोके खाजवत बसतो.

तिसरी गोष्ट पोर्टची. जीमेलसाठी ५८७ किंवा ४६५ हा आकडा चालतो. ५८७ ला स्टार्ट-टीएलएस ही कुलूपबंदी लागते, ४६५ ला सुरुवातीपासूनच टीएलएस. आकडा एकाचा आणि कुलूप दुसऱ्याचे अशी गल्लत झाली की पत्र अडकते. २५ हा जुना आकडा घरगुती इंटरनेटवर बहुधा बंद असतो, त्याच्या नादी लागू नये.

चौथी गोष्ट विषयाच्या ओळीची. फोनवर पहिल्यांदा दिसते ती हीच ओळ. यंत्रे 'सेन्सर ३ ऑन' असे काहीतरी लिहितात. त्याचा बोध ना मालकाला होतो, ना बेगमला. त्याऐवजी मराठीत स्पष्ट लिहावे. 'कुंभारी घर, फ्रीजर गरम झाला, रात्री २.१०.' ठिकाण, गोष्ट, वेळ. घरात उर्दू किंवा कन्नड वाचणारे असतील तर त्या लिपीत लिहावे. यंत्राला भाषेचे वावडे नाही.

पाचवी गोष्ट. घराच्या पत्त्याची नोंद आपल्या फोनमध्ये करून ठेवावी आणि त्या पत्त्याची पत्रे कचऱ्याच्या टोपलीत जाऊ नयेत अशी सूचना खात्यात करावी. नाहीतर महत्त्वाची चिठ्ठी स्पॅममध्ये पडून राहते आणि आठ दिवसांनी सापडते.

सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यंत्राला धीर धरायला शिकवावे. व्होल्टेज वरखाली झाले, दार वाऱ्याने हलले, पाण्याची लाट आली, की स्विच क्षणात दहादा चालू-बंद होतो. प्रत्येक वेळी पत्र निघाले तर तासाभरात शंभर पत्रे येतील. जीमेलच्या साध्या खात्यातून दिवसाला पाचशेच्या वर पत्रे पाठवता येत नाहीत. मर्यादा संपली की खरी वर्दीही जाणार नाही. त्याहून वाईट म्हणजे माणूस कंटाळतो आणि पत्रे न वाचताच पुसू लागतो. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण शाळेत शिकलो, ती येथे लागू आहे. म्हणून नियम असा ठेवावा. स्थिती पाच मिनिटे टिकली तरच पत्र. एकदा पत्र गेले की तासभर त्याच गोष्टीचे दुसरे नाही. आणि स्थिती पूर्ववत झाली की एक पत्र, 'आता ठीक आहे.'

पत्र न येणे हीच बातमी

आता एक पेच. लाइट गेल्याची वर्दी हवी, पण लाइट गेली की राऊटरही बंद पडतो. मग पत्र जाणार कसे? उपाय दोन आहेत. राऊटर आणि यंत्राला छोटा बॅटरी बॅकअप लावावा, म्हणजे घर अंधारात असले तरी काही तास इंटरनेट चालू राहते. पण इंटरनेटची तारच तुटली तर तोही निकामी.

म्हणून दुसरा उपाय आम्हाला अधिक पसंत आहे. यंत्राने रोज ठरलेल्या वेळी, समजा इशाच्या नमाजनंतर, एक खुशालीचे पत्र पाठवावे. 'सर्व ठीक. टाकी अर्धी. फ्रीजर उणे पंधरा. लाइट दिवसात दोनदा गेली.' हे पत्र आले तर यंत्र जिवंत आहे, इंटरनेट चालू आहे, पासवर्ड चालतो आहे, हे सर्व एका दमात कळते. ज्या दिवशी ते येणार नाही, त्या दिवशी घरी फोन करावा. परगावी गेलेल्या मुलाचे पत्र आले नाही की आई काळजीत पडे, तोच हा न्याय. यंत्र बंद पडले तर ते स्वतः सांगू शकत नाही. त्याची गैरहजेरीच सांगते. नुसत्या संकटाच्याच चिठ्ठ्या मागणाऱ्याला शांतता आणि बिघाड यातला फरक कधीच कळत नाही.

आगीच्या बाबतीत ई-मेलवर विसंबू नका

१८ मे २०२५ रोजी, रविवारी पहाटे, याच अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली. कारखान्याच्या आवारातच राहणारे मालक, त्यांच्या घरची माणसे आणि कामगार मिळून आठ जीव गेले. त्यात लहान मूलही होते. अल्लाह त्यांना मगफिरत देवो आणि मागे राहिलेल्यांना सबर देवो. तेथे अमुक असते तर तमुक वाचले असते, असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण घर आणि कारखाना एकाच छताखाली असणाऱ्या प्रत्येकाने त्या दिवसानंतर आपल्या छताकडे एकदा पाहायला हवे, एवढे तरी म्हणायला हवे.

कापूस, टॉवेल, कातरण, तेंदूपत्ता, पुठ्ठ्याची खोकी हा सगळा भराभर पेटणारा माल. रात्री झोपेत धुराचा वास येऊन जाग येईल, या भ्रमात राहू नये. धूर माणसाला झोपेतच गुंगवतो. म्हणून पहिले साधन धुराचा भोंगा. तो बॅटरीवर चालणारा, स्वतःच जोरात वाजणारा असावा. इंटरनेट असो वा नसो, लाइट असो वा नसो, तो वाजलाच पाहिजे. तो छताला लावावा, कारण धूर वर जातो. गॅस गळतीचा भोंगा मात्र जमिनीजवळ लावावा, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साठतो. चुलीजवळ धुराचा भोंगा लावला तर फोडणीलाही वाजेल. तेथे उष्णता ओळखणारा घ्यावा. जेथे सुताची धूळ उडते तेथे भोंग्याची जाळी वरचेवर साफ करावी. शे-दीडशे रुपयांत मिळणारे गॅस ओळखणारे सुटे तुकडे मुलांच्या प्रयोगासाठी ठीक आहेत, जीव राखण्यासाठी नाहीत.

भोंगा वाजल्यावर ई-मेलही जावे, त्याला आमची हरकत नाही. भावाला, शेजाऱ्याला, मालकाला एकाच वेळी कळेल. पण क्रम चुकवू नये. आधी भोंगा, मग माणसे बाहेर, मग १०१ किंवा ११२ ला फोन, आणि सर्वांत शेवटी ई-मेल.

आणि या सर्वांच्याही आधी दोन कामे. वायरिंग तपासून घ्या. योग्य क्षमतेचा एमसीबी, अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी यांवर केलेला खर्च कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त मोलाचा आहे. एका बोर्डावर शिलाई मशीन, इस्त्री आणि मोटार चालवणाऱ्याने आधी तो बोर्ड बदलावा. दुसरे, बाहेर पडायला दुसरी वाट ठेवा. कामगार आत झोपत असतील तर बाहेरून कुलूप लावणे हा गुन्हा समजावा. माल चोरीला जाईल या भीतीने माणसे कोंडणारा व्यापारी कोणत्या तोंडाने अल्लाहपुढे उभा राहणार?

मदीनेत एकदा रात्री एक घर जळाले. ते कळल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आगीला माणसाचा शत्रू म्हटले आणि झोपण्यापूर्वी ती विझवायला सांगितले. हे हदीसमध्ये नमूद आहे. चौदाशे वर्षांपूर्वीची ती शिकवण आजच्या भाषेत अशी की रात्री दुकान बंद करताना मुख्य स्विच पाडा, इस्त्रीची पिन काढा, गॅसचा रेग्युलेटर बंद करा. यात एका रुपयाचाही खर्च नाही.

पडद्याचा विचार

यंत्र घरात शिरते म्हणजे एक डोळा घरात शिरतो. काही लोक हालचाल झाली की कॅमेऱ्याचे चित्र ई-मेलने मागवतात. दुकानात, गोदामात हे ठीक. घरात मात्र आम्ही त्याच्या विरोधात आहोत. सूरह नूरच्या २७ व्या आयतीत दुसऱ्याच्या घरात परवानगीविना, सलाम केल्याविना शिरू नये असे सांगितले आहे. आई-बहिणींची चित्रे परक्या संगणकांवर जाऊन पडावीत, हे त्या अदबीत बसत नाही. घरासाठी दार, पाणी, धूर आणि तापमान यांची वर्दी पुरेशी आहे. शेजाऱ्याच्या दाराकडे तोंड करून कॅमेरा लावणे तर अजिबात नको. कारखान्यात कॅमेरा असेल तर कामगारांना तो कुठे आहे हे सांगावे. लपून पाहणाऱ्या मालकावर कामगाराचा विश्वास राहत नाही.

हातांना काम

आमच्या समाजात वायरमन, मोटार रिवाइंडिंग करणारे, मोबाइल दुरुस्त करणारे तरुण भरपूर आहेत. आयटीआय झालेलेही आहेत. मोबाइलच्या पाटीवर बारीक डाग देणाऱ्या हाताला ईएसपी ३२ जड नाही. बेकरी, कोल्ड स्टोरेज, औषधाचे दुकान, टॉवेलचे गोदाम, दवाखाना, अशा ठिकाणी या कामाची गरज वाढत जाणार आहे.

पण हा धंदा अमानतीचा आहे. म्हणून तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, गिऱ्हाइकाचे ई-मेल खाते गिऱ्हाइकाच्याच नावाने उघडावे, आपल्या नावाने नव्हे. नाहीतर मेस्त्री दुबईला गेला की इकडे पत्रे बंद. दुसरी, काम झाल्यावर कोणती तार कुठे गेली, कोणता नियम लावला, हे एका कागदावर लिहून द्यावे. पासवर्ड मालकाच्या हाती बंद पाकिटात द्यावा, स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नये. तिसरी, यंत्र जीव वाचवील अशी खोटी ग्वाही देऊ नये. दर महिन्याला, समजा पहिल्या जुम्याला, भोंग्याचे बटण दाबून आणि फ्रीजरचे दार उघडून मालकासमोर चाचणी करावी. ज्या वर्दीची चाचणी झाली नाही ती वर्दी नाहीच, असे मालकालाही सांगावे. या देखभालीचे वार्षिक पैसे ठरवून घ्यावेत. गिऱ्हाईक खुशीने देईल.

मालकांनाही आमचे सांगणे आहे. सुरुवात एका गोष्टीने करा. फ्रीजर असेल तर फ्रीजर, टाकी असेल तर टाकी. महिनाभर रोजचे खुशालीचे पत्र नीट येते की नाही ते पाहा. मग पुढची जोडा. एकदम दहा यंत्रे लावणारा पंधरा दिवसांत कंटाळून सगळी काढून ठेवतो. आणि आगीच्या भोंग्यासाठी मात्र महिनाभर थांबू नका. ई-मेल जमो वा न जमो, तो येत्या आठवड्यातच छताला लागला पाहिजे.